दुसरा आवाज

भंगाराच्या त्या यार्डात तिला सगळे टकटकताई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी कारकुनाच्या तोंडी तेवढं यायचं, आणि ते ऐकून चार माणसं ‘ही कोण बुवा?’ म्हणून इकडेतिकडे बघायची. फाटकातून जे जे आत येईल, म्हणजे फुटके पिंप, गाड्यांची दारं, रंगाचे डबे, मोडके पंखे, त्या प्रत्येकावर हातोडीनं टकटक करायची आणि ऐकायचं, हे तिचं काम. वस्तू उघडी असेल तर जाऊ द्यायची. कुठूनही वाट नसलेली, हवाबंद असेल, तर हातोडीच्या टोकदार बाजूनं तिला भोक पाडायचं, आतली हवा सुटू द्यायची आणि मगच ती प्रेसच्या ढिगात टाकायची. बघणाऱ्याला वाटे, काय हे काम! एका बाईला दिवसभर डबे वाजवायला बसवलंय. असं वाटणारी माणसं प्रेसपासून लांब उभी असत, हेही सांगायला हवं.

प्रेस म्हणजे एक लांबलचक लोखंडी पेटी. तिला वरून झाकण आणि एका बाजूनं सरकत येणारी भिंत. खोलीभर माल आत घातला की बघता बघता त्याचा एका ट्रंकेएवढा गठ्ठा होऊन बाहेर पडायचा. एका वेळी जाणाऱ्या मालाला तिथं घाणा म्हणत, तळणाचा म्हणतात तसाच. पेटीसमोरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून प्रेस चालवायचा तिचा धाकटा भाऊ, बारक्या. नाव बारक्या, आणि देह असा की केबिनच्या दारातून आत जाताना त्याला तिरकं व्हावं लागे. टकटकताई म्हणायची, “एकदा तूच जाऊन बस त्या पेटीत. बायकोला कपाटात तरी ठेवता येशील.”

हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. तिच्या आधी टकटक त्यांचीच होती. नवरा गेल्यावर तिला यार्डात आणलं तेव्हा पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यानं तिच्या हातात हातोडी न देता सायकलचा पंप दिला. आधी त्यात पाणी भरलं, तोंडावर आपला अंगठा दाबून धरला आणि म्हणाले, “दाब.” तिनं सगळं अंग टाकलं. दांडा जागचा हलला नाही, नुसती अंगठ्याच्या कडेनं पाण्याची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. मग पाणी काढून टाकलं आणि रिकामा पंप तसाच धरला. “आता दाब.” दांडा सहज अर्ध्यावर गेला. आणखी दाबला, आणखी गेला. मग जड झाला, पंप हाताला कोमट लागला, आणि तिनं जरा हात सैल सोडला तर दांडा उसळून तिच्या हनुवटीला लागला.

“कळलं?” सासरे म्हणाले. “पाणी भांडकुदळ. त्याला दाबलं तर ते लगेच बोंब मारतं, फट शोधतं, बाहेर येतं. कपडे भिजतील, बाकी काही नाही. लोखंड गरीब, दाबलं तसं पडून राहतं. हवा तशी नाही, पोरी. तिला दाब, ती मागं सरेल. आणखी दाब, आणखी सरेल. तुला वाटेल संपली. संपत नाही ती. सगळं आत धरून बसते. आणि मग डबा फुटतो तेव्हा तो फुटत नाही, सुटतो. त्याच्या वाटेत कोण आहे ते तो बघत नाही.”

हनुवटीवर वळ घेऊन ती घरी गेली आणि तो धडा जन्मभर विसरली नाही. पुढं मग कान तयार झाला. उघडा डबा सैल बोलतो, फापटपसाऱ्यानं. बंद डबा आवळून बोलतो, एका शब्दात. सगळ्यांत अवघड म्हणजे दोन पोटांच्या वस्तू. मोठे गिझर, काही यंत्रांची कवचं. वरचा पत्रा फाटलेला असतो, ठोकलं की आवाज उघडाच येतो, पण आत दुसरं जाड पोट असतं आणि ते बंद असलं तर पहिल्या आवाजाच्या शेपटीला एक बारीक, चिवट आवाज लागतो. तोच तो दुसरा आवाज. सासरे सांगत, “पहिला आवाज कोणीही ऐकेल. पगार मिळतो तो दुसऱ्याचा.” टकटकताईला तो आवाज सारं यार्ड गाजत असतानाही ऐकू यायचा. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

बारक्याला यार्डात तिनंच आणलं. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं, लग्नही तिनंच लावून दिलं, आणि आता ती त्याच्याच घरी राहत होती. यार्डाचा एक रिवाज होता: टकटक कुणी करायची ते प्रेसवाला स्वतः ठरवतो. जीव त्याचा, म्हणून कानही त्याच्या पसंतीचा. बारक्यानं विचार करायला एक क्षणही घेतला नव्हता. घाणा तपासून झाला की ताई जमिनीत रोवलेल्या रुळाच्या तुकड्यावर दोन ठोके द्यायची. त्याचा अर्थ, ‘साफ आहे, चालव.’ तो भोंगा वाजवायचा, मग झाकण खाली यायचं. ताई तोवर पाठ फिरवून पत्र्याच्या भिंतीआड पुढच्या घाण्याला लागलेली असायची. भोंग्याला उशीर झाला की ती ओरडायची, “झोपलास का रे, बारक्या?” आणि तो चिडून दोनदा भोंगा वाजवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग तिचा कान जायला लागला.

एकदम गेला नाही, एकदम गेला असता तर बरं झालं असतं. आधी पाखरं गेली. तिला वाटलं, यंदा पाखरंच कमी आलीत. मग भाचीचं, बारक्याच्या मुलीचं, बोलणं पुसट झालं. ताई म्हणायची, “आजकालच्या पोरी तोंडातल्या तोंडात बोलतात.” भोंगा ऐकू येईना तेव्हा ती प्रेसच्या इंजिनाचा काळा धूर बघायला शिकली. धूर उसळला की समजायचं, झाकण खाली निघालं. माणसांच्या ओठांकडे बघून बोलायची सवय तिला कधी लागली ते तिलाही कळलं नाही. आणि एक दिवस हातोडी मारताना तिच्या ध्यानात आलं की डब्यांचे आवाज कुणीतरी फडक्यात गुंडाळून ठेवावेत तसे झालेत. उघडा, बंद, एवढं अजून कळत होतं, निम्मं कानानं आणि निम्मं हाताला बसणाऱ्या धक्क्यानं. दुसरा आवाज मात्र तिनं शेवटचा कधी ऐकला होता, हे तिला आठवेना.

त्या दिवशीही तिनं रुळावर रोजच्यासारखे दोन ठोके दिले.

सांगून टाकायचं सोडून बाई गप्प का बसली? सोपं आहे म्हणणं. तिनं काम सोडलं असतं तर हातोडी जाणार होती मालकांच्या मेहुण्याकडे. तो गृहस्थ आधीच कुठं तरी चिकटवायचा म्हणून यार्डात आणलेला. खुर्ची टाकून मोबाइल बघत बसायचा आणि चहाची वेळ मात्र कधी चुकवायचा नाही. रिवाज काही असला तरी मेहुण्याला बारक्या कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? ताईला वाटे, माझा अर्धा कान त्याच्या दोन्ही कानांपेक्षा बरा. हे खरंही असेल. पण खरी गोष्ट त्याच्याही खाली होती. या यार्डात, त्या घरात, तिची जी काही किंमत होती ती त्या कानामुळे होती, असं तिनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. असल्या गोष्टी माणूस कुणाला विचारून ठरवत नाही, तीच तर पंचाईत.

मग तिनं एक उपाय काढला. ऐकायचं नाही, सरसकट भोकंच पाडायची. उघडं असो, बंद असो, दिसेल त्याला टोक हाणायचं. आठवडाभरात खांदा सुजला, माल फाटकापर्यंत तुंबला. मालक स्वतः आले. “टकटकताई, चाळण्या बनवायचा कारखाना काढलात काय?” सगळे हसले, तीही हसली. जाता जाता मालक म्हणाले, “फार काम होत असेल तर मेहुण्याला देतो जोडीला.” तिचं हसू तिथंच थिजलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा पहिल्यासारखी टकटक सुरू केली.

घरी हे उघडं पडलं ते कुकरमुळे. भावजयीनं बटाटे लावले, “वन्सं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा,” म्हणून सांगितलं आणि ती खाली दुकानात गेली. परत आली तेव्हा जिन्यातच करपल्याचा वास. आत वन्सं कुकरच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर उभ्या, कांदा चिरतायत, आणि कुकर पाणी संपून शिट्टीची ताकद उरली नाही म्हणून गप्प झालेला. भावजयीनं धावत जाऊन गॅस बंद केला. ताई म्हणाली, “लक्षच नव्हतं गं माझं.” भावजय तिच्याकडे नुसतं बघत राहिली. त्या बघण्याची ताईला कुकरपेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून बारक्या प्रेस टप्प्याटप्प्यानं चालवायला लागला. भिंत अर्ध्यावर आणायची, थांबवायची, दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं, मग पुढं. आत कुठं हवा कोंडली असली तर काटा थरथरतो आणि थांबल्यावरही चढा राहतो, कधीकधी त्यावरून कळतं. धूर अडखळत यायला लागला तसं ताईनं ओळखलं, हा माझ्यामागून तपासतोय. वास्तविक तिला हायसं वाटायला हवं होतं. तिचा तर जळफळाट झाला. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं तो आता आपल्या ठोक्यांवर काट्याची साक्ष काढतोय! दुपारी डबा खाताना ती म्हणाली, “विश्वास नसेल तर तोंडावर सांग. उद्यापासून मेहुण्याकडून वाजवून घे डबे.”

बारक्या मान खाली घालून खात राहिला. “तसं नाही गं ताई.”

“मग कसं?”

“ही म्हणत होती, कुकरचं...”

“कुकरला मी वेंधळी आहेच. आज झालेय का?”

त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि तो केबिनकडे गेला. पण संध्याकाळी घरी आल्यावर, तो बेसिनवर तोंड धुवत होता आणि ताई मागं टॉवेल घेऊन उभी होती, तेव्हा त्यानं तिच्याकडे पाठ ठेवूनच, आवाज अगदी खाली आणून विचारलं, “ताई, तुला ऐकू येतं ना नीट?”

नळ वाहत होता. तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण बेसिनवर आरसा होता, आणि आरशात त्याचे ओठ.

त्या क्षणी तिनं नुसतं ‘काय म्हणालास?’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती, खरं बोलायचीही नव्हती. ती म्हणाली, “तुझ्यापेक्षा बरं येतं. आणि कुजबुजतोस काय चोरासारखा? नळ बंद कर आधी, पाणी वाया जातंय.”

बारक्या वळला. पाणी निथळणारं ते भलंमोठं तोंड असं काही उजळलं की बघवेना. स्वयंपाकघराकडे बघून तो मोठ्यानं म्हणाला, “बघ! उगाच काहीतरी डोक्यात भरवतेस माझ्या. नळ चालू असताना ऐकलं तिनं!” भावजय दारात आली. तिची नजर ताईवरून आरशावर गेली, आरशावरून परत ताईवर आली. ती काही बोलली असेलही. ताईनं टॉवेलची घडी करायला मान खाली घातली होती.

सकाळी यार्डात धूर पुन्हा सलग यायला लागला. झाकण, भिंत, गठ्ठा. मध्ये कुठं थांबणं नाही. बारक्या खुशीत होता, केबिनमधून हात हलवत होता. ताईनंही हात हलवला. जिंकलेल्या माणसाला वाटतं तसं तिला काहीच वाटत नव्हतं. रात्रभर तिला तो पंपाचा दांडा आठवत होता, किती सहज आत जातो ते. आज जेवताना सांगून टाकू, असं ती घाणा चाळताना दोनदा मनाशी म्हणाली. दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांपुढं त्याचं ते ओलं, उजळलेलं तोंड आलं.

त्या दिवशी कुठलंसं हॉटेल मोडून त्याचा माल आला होता. पलंगांचे सांगाडे, पत्र्याची कपाटं आणि तीन-चार मोठे गिझर, माणूस आत बसेल एवढे. क्रेननं ते तिच्यापुढं आडवे टाकले. गिझर म्हणजे दोन पोटं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पहिल्यांना पाइपांची तोंडं वरच्या बाजूलाच होती, ती उघडी दिसत होती. काम सोपं झालं. शेवटचा मात्र तोंडं खाली करून पडला होता. तिनं टोक हाणलं. वरचा पत्रा फाटला, आतून पिवळ्या फोमचा भुगा सांडला, पण आतल्या जाड पोटात टोक घुसेना. तोंडं बघायला त्याला उलटवायचं तर क्रेन परत बोलवावी लागली असती. क्रेनवाला पलीकडच्या ढिगावर गुंतला होता, आणि मालक ऑफिसच्या पायरीवर उभे राहून तुंबलेल्या मालाकडे बघत होते.

तिनं भोकातून हातोडीची दांडी आत घातली, आतल्या पोटाला टेकवली आणि दांडीवर दगड मारला. वाकून कान लावला. पहिला आवाज आला, लांबून, फडक्यातून. ती थांबली. पुन्हा मारलं. श्वास धरून थांबली. दुसरा आवाज नव्हता.

तिनं तिसऱ्यांदा मारून बघितलं. नव्हता. दुसरा आवाज नाही म्हणजे आतलं पोट उघडं. सासऱ्यांनी हेच शिकवलं होतं, आणि इतकी वर्षं हे कधी खोटं ठरलं नव्हतं.

खाली, तिच्या नजरेआड, दोन्ही तोंडांना बुचासारखे पेचाचे प्लग बसवलेले होते. हॉटेलातून खाली उतरवताना उरलेलं पाणी जिन्यावर सांडू नये म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं ते काळजीपूर्वक, चांगले आवळून बसवले होते.

तिनं रुळावर दोन ठोके दिले आणि पाठ फिरवली.

पुढच्या घाण्यात रंगाचे डबे होते. तिनं पहिला उचलला, वाजवला, टाकला. दुसरा उचलला. तेवढ्यात तळपायातून धक्का आला, झाकण बसलं की येतो तसा. जरा मोठा वाटला. पलंगांचं लोखंड जाड असेल, तिला वाटलं. तिसरा डबा बंद होता, त्याला तिनं भोक पाडलं. पुढचे उघडे होते. तिनं ते सगळे ढिगात सारले, रुळापाशी आली, पुन्हा दोन ठोके दिले, आणि धुरासाठी पत्र्याच्या भिंतीवरून वर बघितलं.

धूर नव्हता. आभाळ स्वच्छ होतं.

“झोपलास का रे, बारक्या?” ती ओरडली.

आणखी दोन ठोके दिले. मग भिंतीच्या कडेनं माणसं धावताना दिसली, सगळी एकाच दिशेला. मालकांचा मेहुणा धावत होता, त्याच्या हातात मोबाइल नव्हता. ती त्यांच्यामागून भिंतीला वळसा घालून आली. प्रेसचं झाकण एका अंगाला उचकटलं होतं. केबिनच्या पुढच्या काचेच्या जागी आरपार पलीकडचं आभाळ दिसत होतं, आणि जिथं रोज ते भलंमोठं डोकं दिसायचं तिथं काहीच दिसत नव्हतं. दारात माणसांची दाटी झाली होती. ती सगळी आत वाकून बघत होती, आणि कुणी आत जात नव्हतं.

वजनकाट्यावरचा म्हातारा तिच्याकडे आला. त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले आणि तो तेच तेच दोन शब्द परत परत बोलत राहिला. त्याचे ओठ तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. एवढे स्पष्ट ओठ तिनं वर्षभरात वाचले नव्हते.

“मोठ्यानं बोला,” टकटकताई म्हणाली. हातोडी अजून तिच्या हातात होती. “मोठ्यानं बोला ना. मला ऐकू येत नाही.”